नणंदेची रजा

मंगळवार, ४ मार्च

आज डबा गेला आणि मी टाळ्या वाजवल्या.

सतरा नंबरच्या विमानातून काढून आणलेला डबा थरथर टेबलावर बसवला होता. बुटांच्या खोक्याएवढी धातूची पेटी. वैमानिकापुढच्या पडद्यांना वीज पुरवते, म्हणून पडदे उजळतात. साध्या टेबलावर तपासला तेव्हा सगळे आकडे स्वच्छ आले होते आणि विमानदुरुस्तीच्या हँगरचे फोरमन सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ज्योतिषीणबाई, हात दाखवू का? माझं किती उरलंय तेही सांगून टाका." मग टेबल थरथरायला लागलं, विमान हवेत थरथरतं तसं, आणि थोड्या वेळात डब्याची वीज फट्कन बंद पडली. पुन्हा आलीच नाही.

माझं कामच ते आहे, डब्यांचं वय ओळखायचं. आत करंगळीएवढे कपॅसिटर असतात. उष्णतेने ते आतून सुकत जातात, मग वीज सरळ न येता हेलकावे खात येते. विमान दर फेरीला ते हेलकावे टिपून ठेवतं. महिन्यातून एकदा ते आकडे माझ्या हातात पडतात आणि त्यावरून मी सांगते, हा अजून टिकेल, हा टिकणार नाही. आजवर मी सांगायचे आणि लोक मान डोलवून आपापल्या कामाला जायचे. सतरामधला डबा काढा म्हणून मी गेला महिनाभर सगळ्यांच्या मागे लागले होते.

आमच्या विभागाच्या साहेबांना आम्ही पाठीमागे प्राचार्य म्हणतो, कारण 'आज गरम होतंय' म्हटलं तरी ते उष्णतेवर व्याख्यान देतात. आज व्याख्यान नाही. नुसता माझा हात हातात धरून उभे राहिले.

घरी नवऱ्याने सासूबाईंना सांगितलं, हिचं भाकीत खरं ठरलं, डबा मोडला. त्या म्हणाल्या, "मोडला तर आनंद कसला?" आम्ही दोघं हसलो. नवऱ्याने लगेच छोटीलाही कळवलं. छोटी म्हणजे माझी नणंद, आमच्याच कंपनीच्या विमानांत हवाईसुंदरी आहे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तिने नुसता अंगठा पाठवला. आमचं दोघींचं तेवढंच. भांडण नाही, पण जवळीकही नाही.

गुरुवार, ६ मार्च

शुक्रवारी कौतुक समारंभ, आणि पुढच्या बुधवारी संचालकांची बैठक. त्यांनी सही केली की माझी पद्धत कंपनीच्या सगळ्या विमानांना लागू होईल. प्राचार्य म्हणाले, डबा उघडा, सुकलेल्या कपॅसिटरचे मोठे फोटो काढा, भिंतीवर लावू.

जेवणानंतर उघडला.

कपॅसिटर ठणठणीत होते. मी एकेक सुटा करून मोजला. मीटर बिघडलाय असं वाटून दुसरा मीटर आणला. जवळजवळ नवेच. डबा बंद पडला होता तो वेगळ्याच कारणाने: तारेच्या एका जाड वेटोळ्याच्या पायाशी सोल्डरच्या जोडाला केसासारखी चीर होती. थरथर टेबलाने ती उघडली, इतकंच. ती चीर मला कुठल्याही आकड्यात दिसली नव्हती आणि दिसणारही नव्हती.

म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मी कावळा.

झाकण लावलं, स्क्रू पिळले. फोटो काढला तो बाहेरून. प्राचार्यांना म्हटलं, आतला नीट येत नाही, उजेड चकाकतो. ते म्हणाले, हरकत नाही.

पण मग ते हेलकावे कुठून आले? आकडे तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. आजारी माणसाचा ताप मोजावा आणि माणूस धडधाकट निघावा, असं झालंय. उद्या समारंभ आटोपला की शांतपणे बघते.

शुक्रवार, ७ मार्च

हे आज लिहिलं नाही तर उद्या मी ते वेगळ्या शब्दांत लिहीन, म्हणून आजच.

अध्यक्ष स्वतः आले होते. म्हणाले, या बाई विमानांच्या नाडीपरीक्षक आहेत. चौकटीत घातलेलं मानपत्र मिळालं. टाळ्या थांबेनात तेव्हा मला मानही वर करवेना. सगळ्यांना वाटलं लाजले. प्राचार्य माईकवर म्हणाले, "बघा, एवढं करून किती संकोच!"

नंतर चहा होता. फोरमन कप घेऊन जवळ आले. माणूस दिलदार आहे, हरला की हरलो म्हणतो. म्हणाले, "मानलं बाई तुम्हाला. तो डबा सतरामध्ये येऊन किती दिवस झाले होते हो? जेमतेम तीन आठवडे. तेवढ्यात तुम्ही त्याची कुंडली ओळखलीत."

मी विचारलं, तीन आठवडे म्हणजे?

मग त्यांनी सहज सांगितलं. चोवीस नंबरच्या विमानात मध्यंतरी एक पडदा लुकलुकायचा. दोष डब्याचा की तारांचा, हे बघायला त्यांनी चोवीसचा डबा सतरामध्ये घातला आणि सतराचा चोवीसमध्ये. तसं करतात. दोष डब्याबरोबर जातो का ते कळतं. दोष निघाला एका सैल जोडणीत. ती घट्ट केली, दोन्ही विमानं चालायला लागली, मग डबे कोण परत बदलत बसतं? नोंद करायची होती, ती गडबडीत राहून गेली.

माझ्याकडचे आकडे त्या अदलाबदलीच्या आधीचे आहेत. म्हणजे हेलकावे खाणारा डबा तेव्हा सतरामध्ये होता. आता तो चोवीसमध्ये आहे. आम्ही धडधाकट डबा काढून आणला आणि आजारी डबा उडतोय.

फोरमनना यातलं काही लक्षात आलं नाही. ते हसत होते. मीही हसले. तेवढ्यात फोटोवाला आला, म्हणाला, मॅडम, अध्यक्षांबरोबर अजून एक. मी गेले. चौकट छातीशी धरून उभी राहिले.

शनिवार, ८ मार्च

शांतपणे विचार केला.

एक तर, प्रत्येक विमानात असे दोन डबे असतात. एक गेला तर दुसरा त्याच क्षणी काम उचलतो. वैमानिकाचा पडदा फार तर क्षणभर अंधारेल. विमानं पडतात ती अशा एका डब्यामुळे नाही.

शिवाय माझी पद्धत बरोबर आहे की नाही हेच आता माहीत नाही. ज्या डब्यावर टाळ्या मिळाल्या तो माझ्या हिशेबाने गेलाच नव्हता. मग दुसरा तरी जाईल कशावरून?

आणि आज सांगितलं तर बुधवारची बैठक बुडाली. लोक म्हणणार, आंधळ्याचा नेम लागला. चार वर्षांचं काम पाण्यात. बैठक झाली की दुसऱ्याच दिवशी सांगेन, म्हणजे गुरुवारी. मध्ये आहेत किती दिवस!

चोवीसचे ताजे आकडे कालच आले आहेत. संगणकावर आहेत. उघडले नाहीत. उघडले नाहीत तोवर मला काही माहीत नाही.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. खोडणार होते. राहू दे.

रविवार, ९ मार्च

दुपारी जेवताना नवरा छोटीशी फोनवर बोलत होता. ती म्हणाली, उद्यापासून चार दिवस समुद्रापलीकडची ड्यूटी आहे, जायला अर्धा दिवस, तिथे मुक्काम, मग परत, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, हिला पाणी ओलांडल्याशिवाय चैन पडत नाही.

मी हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. कुठलं विमान उद्या कुठे जाणार हे आम्हाला घरूनही दिसतं. समुद्रापलीकडे जाणार होतं चोवीस.

तेव्हा मी ताजे आकडे उघडले. हेलकावे वाढलेत. मी गेल्या महिन्यात जी रेघ काढली होती तिच्यापेक्षा चढ उभा आहे. माझी पद्धत चुकली असेल तर एवढ्यापुरतीच, की मी डब्याला जास्तच दिवस दिले होते.

मी फोन उचलला. फोरमनचा नंबर वर होता. प्राचार्यांचा त्याच्या खाली. मी छोटीला लावला.

म्हटलं, आईंना बरं नाही. काळजीचं नाही, पण तुझी आठवण काढतात. चार दिवस रजा काढून येशील?

ती म्हणाली, "वहिनी, तू फोन केलास म्हणजे तसंच असणार. येते मी. माझ्या जागी कुणाला तरी घालतील."

माझ्या जागी कुणाला तरी. हे मी ऐकलं. ऐकू आलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

सोमवार, १० मार्च

छोटी सकाळी आली. आल्या आल्या आईच्या खोलीत. मी दारात उभी, आता काय होणार म्हणून. सासूबाई वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या, तब्येत खणखणीत. छोटी म्हणाली, काय होतंय तुला? सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून ठेवला आणि उशीला टेकल्या. म्हणाल्या, "परवा जरा चक्कर आली होती. हिने घाबरून तुला बोलावलं वाटतं. फार काळजी करते."

नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, बरं केलंस. ती स्वतःहून कधी आली नसती. त्यांना काय वाटलं कोण जाणे. मला वाटतं वयामुळे गोंधळल्या असतील.

ऑफिसात दिवसभर चोवीसचा ठिपका पडद्यावर बघत बसले. ठिपका समुद्रावर होता तेवढा वेळ मी पाणीही प्यायले नाही. पलीकडे उतरल्यावर उठले. समोरच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, मॅडम, बैठकीचं एवढं दडपण घेऊ नका.

मंगळवार, ११ मार्च

रजा टाकली. छोटी घरी असताना मला ऑफिसात बसवेना.

आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. अशा बसल्याचं मला आठवत नाही. ती म्हणाली, "एक विचारू? मला कायम वाटायचं, तू मला कमी समजतेस. तू विमानाचा मेंदू तपासणारी आणि मी चहा देणारी." मी म्हटलं, छे, असं काही नाही. ती म्हणाली, "आता नाही वाटत. रविवारी तुझा फोन आला आणि मी बॅग भरता भरता रडले. दादाला आठ वर्षांत कधी मला बोलवायला सुचलं नाही, ते तुला सुचलं." मग तिने सोललेले दाणे माझ्या भांड्यात ओतले, हात पुसले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी हललेही नाही. चोराच्या गळ्यात कुणी हार घालावा आणि त्याने तो वाकून घालून घ्यावा, तशी बसले होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची मैत्रीण होती. फार बोलते म्हणून सगळे तिला मैना म्हणतात. छोटीच्या जागी तीच गेली होती. छोटीने फोन स्पीकर लावून ओट्यावर ठेवला आणि मैनेचा आवाज स्वयंपाकघरभर पसरला. एका प्रवाशाने तीन पांघरुणं घेतली आणि उतरताना एक पिशवीत घातलं. हॉटेलातलं पाणी गरम नाही. लेक शेजारच्यांकडे ठेवलीय, तिला खोकला झालाय. मग म्हणाली, "आणि काल कॅप्टनसाहेबांचा पारा चढलेला. पुढचा एक पडदा सारखा डोळे मिचकावत होता म्हणे. उतरल्यावर इथल्या मेकॅनिकने तपासला तर सगळं ठीक. आता संध्याकाळी त्याच विमानाने परत."

छोटी हसली. "मिचकावू दे, तुला बघून मिचकावत असेल."

मी उठून न्हाणीघरात गेले. नळ सोडला. आरशात बघितलं नाही. मग तिथूनच प्राचार्यांना फोन लावला आणि म्हटलं, चोवीसला उडू देऊ नका, आजारी डबा त्यात आहे.

मला वाटलं होतं ते विचारतील, खात्री आहे का, बैठक उद्या आहे, वगैरे. व्याख्यान देतील. त्यांनी एवढंच म्हटलं, "फोन चालू ठेवा," आणि दुसऱ्या फोनवरून विमान थांबवलं. मला ते ऐकू येत होतं. "नाही, कारण नंतर. आधी थांबवा. हो, माझ्या जबाबदारीवर." मग माझ्याशी बोलले. मी डब्यांची अदलाबदल सांगितली. पहिला डबा भलत्याच कारणाने गेला हेही सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला हे कधी कळलं?"

मी म्हटलं, "आज. आत्ताच."

बुधवार, १२ मार्च

पलीकडच्या लोकांनी डबा काढून तापवून तपासला. तापल्यावर तो गेला. फोटो आले आहेत. कपॅसिटरची पोटं फुगलेली, एकाच्या बुडाशी काळपट ओघळ. अगदी मी चार वर्षं सांगत आले तसं.

बैठकीत प्राचार्यांनी सगळं सांगितलं, अदलाबदलीसकट. संचालकांनी सही केली. एक जण म्हणाले, म्हणजे चुकीचा डबा आला तरी पद्धत बरोबरच होती, आणि बाईंनी ती चूक स्वतःच शोधून काढली. पुन्हा टाळ्या. शुक्रवारच्या टाळ्या नशिबाच्या होत्या, त्या मी पचवल्या होत्या. या खऱ्या होत्या आणि घशाखाली उतरेनात.

नोंद न केल्याबद्दल फोरमनना लेखी ताकीद मिळाली. संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. टोपी हातात. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला हे चहाच्या वेळी बोललो होतो का? शुक्रवारी? नक्की आठवत नाही. बोललो नसेनच बहुधा. गर्दी होती."

मी म्हटलं, हो, गर्दी फार होती.

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, म्हणाले, बरं, आणि गेले. त्यांना खरंच आठवत नसावं. वय झालंय.

गुरुवार, १३ मार्च

त्यांना आठवत होतं. सकाळी दात घासताना कळलं. माणूस विसरलेला असला तर विचारायला येत नाही. ते मला दार उघडून देत होते, मी बाहेर येते का ते बघत होते, आणि मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

ऑफिसात गेल्या गेल्या प्राचार्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, मला शुक्रवारी कळलं होतं. मंगळवारी नाही. फोरमननी सांगितलं होतं, चहाच्या वेळी.

ते सही करत होते. पेन खाली ठेवलं. "मग चार दिवस?"

म्हटलं, बैठकीसाठी.

मी व्याख्यानाची वाट पाहत होते. व्याख्यान झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमची पद्धत उद्या चुकली, तर तुमच्या पाठीशी उभं राहायचं असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पद्धत चुकू शकते. हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

निर्णय दुपारीच झाला. डबा काढा किंवा राहू द्या, या कागदावर यापुढे माझी सही नाही. सही समोरचा सहकारी करणार. मी फक्त आकडे मांडून द्यायचे. किती दिवस ते ठरलेलं नाही. ताकीद फोरमनची तशीच राहिली, कारण नोंद त्यांनीच केली नव्हती, पण त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं असं त्याखाली लिहिलं गेलं. मी हँगरमध्ये जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला आता ज्योतिषीणबाई म्हणाले नाहीत, 'मॅडम' म्हणाले.

छोटीचं मी प्राचार्यांना सांगितलं नाही. ते घरचं आहे, असं वाटलं. घरचं होतं म्हणूनच तर सांगायला हवं होतं.

शनिवार, १५ मार्च

छोटी आज परत जाणार होती. बॅग पलंगावर उघडी, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मला म्हणाली, पुढच्या महिन्यात दोन दिवस काढते, तू पण काढ, कुठेतरी जाऊ दोघीच.

तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. विमान कुठलं आहे हे बघूनच तुला फोन केला, आईंना काही झालेलं नव्हतं.

तिने हातातली घडी पुरी केली. बॅगेत ठेवली. मग म्हणाली, "आईला चक्कर?"

सासूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मला वाटलं, तुला जवळ करायचं हिच्या मनात आहे आणि हिला सरळ बोलावता येत नाही. म्हणून मी पडून राहिले."

नवरा बाहेरच्या खोलीतून आला. सगळं ऐकून म्हणाला, "मग झालं काय एवढं? घरच्या माणसाला जपलंस. कुणीही तेच केलं असतं." माझी बाजू घेणारा तेवढा एकच निघाला आणि ते शब्द ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. कारण रविवार-सोमवार मी स्वतःला हेच सांगत होते, शब्दसुद्धा हेच.

छोटी म्हणाली, "दादा, तू गप्प बस." मग माझ्याकडे वळून, "त्या दिवशी ओट्यावर फोन होता. मैना बोलत होती. तू समोर होतीस. ती कोण आहे, कुणासाठी लवकर परतायचंय तिला, सगळं ऐकलंस ना?"

मी म्हटलं, ऐकलं. मग उठून फोन केला.

"हो. त्यानंतर." तिने बॅगेची चेन ओढली. "पुढच्या रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. तू यायचंस. तिला तू सांगायचं, मी नाही."

रिक्षेपर्यंत सोडायला निघाले तर म्हणाली, नको, बॅग हलकी आहे.

रविवार, २३ मार्च

मैनेचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात सायकली, दारापाशी छोट्या चपला. छोटी आधीच आली होती. मैना माझ्याच वयाची असेल, फोनवर वाटली होती त्यापेक्षा बारीक. मला बघून एकदम उभी राहिली. म्हणाली, तुम्हीच ना त्या, आमचं विमान थांबवलंत त्या? छोटीने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मैनेने माझ्यासाठी केक आणून ठेवला होता.

तिची मुलगी जमिनीवर बसून एकटीच बूट घालत होती. चार वर्षांची असेल.

मी सांगितलं. या वेळी डोकं खाली घालून नाही, तिच्याकडे बघत सांगायचं असं ठरवून गेले होते. निम्म्यावर नजर केकवर गेली आणि तिथेच राहिली.

मैना मध्ये एकदाही बोलली नाही. एवढं बोलणारी बाई. माझं संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे नेमकं काय झालं असतं?"

मी सांगितलं की दोन डबे असतात. एक गेला की दुसरा काम उचलतो. बहुतेक काहीच झालं नसतं. तुम्हाला कळलंही नसतं.

"बहुतेक."

"हो. दुसरा डबा चांगला होता. नंतर तपासला."

"तेव्हा माहीत होतं, चांगला आहे म्हणून?"

"नाही."

तिने मान हलवली. ती रागावली नव्हती. एखाद्या गोष्टीचा मेळ लागत नसला की माणूस करतो तसा चेहरा केला. म्हणाली, "पण तुम्हाला वाटत होतं ना, काही होणार नाही असं?"

"वाटत होतं."

"मग हिला का घरी ठेवून घेतलंत?"

छोटी खिडकीबाहेर बघत होती. मी चार दिवस स्वतःला सांगितलेली सगळी कारणं आठवून पाहिली: दुसरा डबा, आंधळ्याचा नेम, बैठक, चार वर्षं. त्यातलं एकही या प्रश्नाला पुरत नव्हतं.

"ती आमची आहे म्हणून," मी म्हणाले.

मैना "हं," म्हणाली. मग वाकून तिने लेकीला मांडीवर ओढलं. पोरीने डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घातला होता. मैनेने दोन्ही काढले, मोजे सरळ केले, पुन्हा घातले, बंद बांधले, आणि बांधून झाल्यावरही पायावरचा हात काढला नाही.

छोटी म्हणाली, "वहिनी, तू हो पुढे. मी थांबते हिच्याजवळ."

मी दार हळू ओढून घेतलं आणि जिना उतरले.